भाऊजींच्या प्रतीतली कादंबरी

पुस्तकात जे छापलेलं असतं त्याचा त्या पुस्तकाशी काही संबंध असलाच पाहिजे, ही गोष्ट आमच्या भाऊजींना उभ्या जन्मात पटली नाही. वाचणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. कुणी पुस्तक उशाशी घेऊन झोपतं, कुणी त्यातली वाक्यं पाठ करून लोकांचा जीव घेतं. भाऊजी पुस्तकाची तपासणी करायचे. माझ्या थोरल्या बहिणीचा हा नवरा भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा भट्टीला आतून लावायच्या विटा तपासायच्या कामावर होता. वॅगनमधून विटा उतरल्या की एकेक वीट डाव्या हातात उभी धरायची, उजव्या हातातल्या लहानशा हातोडीनं तिला टोला द्यायचा आणि कान देऊन ऐकायचं. धड वीट खणकन वाजते. आतून तडा गेलेली, मग ती वरून कितीही गुळगुळीत असो, भद्द आवाज करते. दिवसभर हे केल्यावर माणसाच्या हाताला ती सवयच लागत असावी. भाजी घेताना भोपळ्याला, लग्नाच्या पंगतीत पितळी तांब्याला आणि पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझ्या पाठीलाही त्यांनी बोटाच्या पेरानं टोला देऊन पाहिला होता. पुस्तक हाती आलं की आधी पुठ्ठ्यावर दोन टोले, मग बरोबर मधलं पान उघडून एक वाक्य भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं वाचणं, मग मान तिरपी करून क्षणभर स्तब्धता. त्यानंतर निकाल. निकाल दोनच प्रकारचे असत, पास आणि रिजेक्ट.

हे सगळं मी आजवर अनेक लग्नांत सांगितलं आहे आणि प्रत्येक वेळी हशा मिळवला आहे. आता लिहून काढतोय त्याला कारण आहे. मागे भिलाईजवळ रिसालीला आमच्याकडच्या एका लग्नात भाऊजींचाच नातू मित्रांना हसत हसत सांगत होता, "नानाजी तो बस किताबें पढ़ते रहते थे यार, और नानी बेचारी अकेली रोती थी." त्यानं भाऊजींना धड पाहिलेलंही नाही. ही माहिती त्याच्यापर्यंत माझ्याच तोंडून पोचली. ती चुकीची आहे, आणि चुकीची आहे हे मला बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे.

मी भिलाईला आलो तो नोकरीसाठी आलोच नव्हतो. आईनं मला ताईला घेऊन यायला पाठवलं होतं. त्या उन्हाळ्यात, कामगारांच्या कॅम्पातल्या पत्र्याच्या खोलीत, ताईचं पहिलं मूल तापानं गेलं. रांगायला लागलं होतं. त्यानंतर ताईनं बोलणं सोडलं. विचारलं तर मान हलवायची, ताटात वाढायची, आणि मग दाराशी बसून समोरच्या लाल धुळीकडे पाहत राहायची. आमचं गाव भंडाऱ्याकडचं, धानाच्या बांध्यांचं, म्हणजे भातखाचरांचं. आई म्हणाली, "जा, पोरीले घेऊन ये. दिवाळीले ती मले इथं दिसली पायजे. तो मानूस काई कामाचा नाई." मी आलो तेव्हा त्यांना नुकतंच कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये, क्वार्टर मिळालं होतं. मी भाऊजींना आईचा निरोप सांगितला. त्यांनी खाली पाहत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिची मर्जी. जाईन मनली तं मी सोता टेशनवर पोचवून देईन." ताईला विचारलं तर ती काहीच बोलली नाही. दिवाळीला अजून वेळ होता. तेवढ्यात मला कारखान्यात हजेरीबाबूची जागा मिळाली, आणि दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन जायचं असं मी मनाशी ठरवून टाकलं. एकदा ती माहेरी गेली की या धुळीत परत यायची नाही, हे मला कळत होतं. भाऊजींनाही कळत होतं. आणि अशा वेळी हा गृहस्थ काय करत होता, तर पुस्तकं वाचत होता. मी घरी तसंच कळवलं.

पुस्तकं यायची ती दुर्गला राहणाऱ्या रेल्वेतल्या एका मराठी गार्डसाहेबांच्या कृपेनं. ते नागपूरच्या एका वाचनालयातून पत्र्याची पेटी भरून आणायचे आणि महिन्यानं बदलून न्यायचे. पेटीची किल्ली माझ्याकडे आली, कारण हजेरी घेणाऱ्या माणसावर लोकांचा उगाच विश्वास असतो. दर रविवारी संध्याकाळी मास्तरांच्या क्वार्टरमध्ये मराठी मंडळी जमायची. मास्तर शाळेत शिकवत आणि साहित्यावर त्यांचा फार जीव. पुरुष बाहेरच्या खोलीत, बायका आतल्या खोलीत, मधल्या दारावर पडदा. नियम एकच होता: आधीच्या पुस्तकावर उभं राहून मत दिल्याशिवाय नवं पुस्तक मिळणार नाही. त्यामुळे कित्येक सज्जन माणसं, ज्यांना आयुष्यात कशाबद्दलही मत नव्हतं, तीसुद्धा घाम पुसत "भाषा ओघवती आहे" असं म्हणून सुटका करून घेत. भाऊजींना मात्र घाम आला नाही. त्यांची मतं ऐकायला न वाचणारेही यायचे.

गैरसमजामुळे ताटातूट झालेल्या एका प्रेमी जोडप्याच्या कादंबरीवर ते म्हणाले, "दोघाईनं एक डाव समोरासमोर बसून बोलून घेतलं असतं तं सारं पुस्तक चार पानात आटपलं असतं. कागद वाया गेला जी. रिजेक्ट." चांदण्याचं लांबलचक वर्णन असलेल्या दुसऱ्या एका कादंबरीवर, "चंद्र आमीबी पाह्यला हाय. पुढं चला म्हना त्याले." यश कसं मिळवावं हे सांगणारी पुस्तकं तर त्यांनी नुसती वाचून कधीच सोडली नाहीत. "वीट वाजवून अर्धी समजते," ते म्हणत, "बाकीची भट्टीत समजते." म्हणून ते पुस्तक पंधरवडाभर वापरून पाहायचे. पहाटे उठण्यानं भाग्य उजळतं असं सांगणाऱ्या एका पुस्तकाचा त्यांनी जाहीर निकाल लावला तो असा: "हा मनते पहाटे उठा. या पंधरवड्याले मी नाईट शिफ्टवाला. पहाटे मी झोपाले येतो. ज्याले शिफ्टच माईत नाई तो मले काय यश देईन?" मास्तर कपाळाला हात लावत. बाकीचे मांडीवर हात मारून हसत, आणि पडद्यामागूनही बांगड्या वाजत.

याच वापरून पाहण्यातून सगळा घोटाळा झाला. एकदा त्यांनी स्वावलंबनावरचं एक जाड पुस्तक नेलं आणि दुसऱ्या दिवसापासून घराबाहेरच्या नळावर बसून, क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीच्या देखत, भांडी घासायला सुरुवात केली. आमच्या शेतकरी घरांत तोपर्यंत पुरुषानं स्वतःचा पेलाही विसळलेला कुणी पाहिला नव्हता. समोरचा छत्तीसगढी शेजारी सायकल थांबवून म्हणाला, "काबर भैया, आज तैं बर्तन मांजत हस?" आमच्यातलाच एक खवचट गडी म्हणाला, "काय जी, घरवाली पाटलीन झाली का?" भाऊजी राखेनं कढई घासत गंभीरपणे म्हणाले, "नाई बा. पुस्तकात लिवलं हाय. सोताचे भांडे सोता घासले का मन ताब्यात राहते." पुस्तकातच लिहिलं आहे म्हटल्यावर बोलणार काय? लोक हसून गेले. पण पुढच्या महिन्यात बायकांनी आपापल्या नवऱ्यांसाठी त्या पुस्तकाला अशी मागणी लावली की पेटीत ते पुस्तक टिकेना. आणि ते वाचलेला प्रत्येक नवरा माझ्याकडे येऊन तक्रार करू लागला, "यात तं भांडे कुठीच नाई ना भाऊ!" मी पाहिलं. खरंच नव्हती. भाऊजी पुस्तकं धड वाचत नाहीत, याचा मला तो पहिला पुरावा वाटला.

दुसरा पुरावा मिठाचा. साध्या राहणीवरच्या पुस्तकात लिहिलं आहे असं सांगून त्यांनी एका संध्याकाळी स्वतः स्वयंपाक केला. वरणात मीठ नाही, भाजीत मीठ नाही. त्यांनी आमच्या तिघांची ताटं वाढली. मी एक घास घेऊन गप्प बसलो, कारण मी पाहुणा. ताईनं घास तोंडात घातला, थांबली, आणि एकदम म्हणाली, "अन् मीठ? मीठ कोन टाकीन? पुस्तक लिवनारा?"

आवाज घोगरा झाला होता. बरेच दिवस न वापरलेलं दार उघडताना येतो तसा. भाऊजी तिच्याकडे पाहत राहिले, मग उठले आणि मिठाचा डबा शोधू लागले. तो समोर फळीवर होता, पण त्यांना सापडेना. शेवटी ताईनंच उठून दिला. त्या रविवारी त्यांनी ते पुस्तक मराठीत आजवर झालेलं सर्वांत थोर पुस्तक असल्याचं जाहीर केलं. मास्तरांनी विचारलं, असं काय आहे त्यात? भाऊजी म्हणाले, "पूरा पास हाय जी. डबल पास." यापलीकडे त्यांनी खुलासा केला नाही. मीही तिथेच होतो, मीही त्या ताटावर होतो, पण मला दोन गोष्टी जोडून पाहायचं सुचलं नाही. मी हसणाऱ्यांत होतो.

त्यानंतर पुस्तकांतून रोज नवे हुकूम निघू लागले. एका पुस्तकात म्हणे संध्याकाळी आग पाहिल्यानं उत्साह वाढतो असं होतं, म्हणून ते ताईला घेऊन फिरायला निघाले. पहिली भट्टी पेटली होती, आणि तिची वितळलेली मळी, लोखंडावेगळा निघालेला गाळ, गाड्यांतून नेऊन ओतत तेव्हा तिन्हीसांजेचं आकाश पुन्हा तांबडं होई. ते पाहायला दोघं जात. आमच्या रिवाजाप्रमाणे ताई मागून चालायची. चारेक दिवसांनी पुस्तकात असं निघालं की मागून चालणाऱ्याला धूळ लागते, ती आरोग्याला वाईट. मग ती शेजारून चालू लागली. लाइनीतल्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "कोनतं पुस्तक वाचून राहिला हा पोट्टा!"

कादंबऱ्यांचा प्रकार याहून भारी होता. संध्याकाळी ताई शेगडीपाशी तांदूळ निवडत बसे आणि भाऊजी पाटावर बसून तिला वाचलेली कादंबरी सांगत. मी बाहेरच्या खोलीतून ऐकत असे. आपल्या साहित्यात माणसं मरण्याचं प्रमाण मोठं आहे. भाऊजींच्या तोंडून ऐकलेल्या कादंबऱ्यांत मात्र कुणीही मरत नसे, लहान मूल तर नाहीच नाही. क्षयाचे रोगी खडखडीत बरे होत. विंचू चावलेल्याला वेळेवर जीप मिळे. एका कादंबरीत पुरात वाहून चाललेल्या पोराला काठावरच्या क्रेन ऑपरेटरनं हुकाला अडकवून अलगद वर काढलं होतं. ती कादंबरी पेशवाईतली होती. ताई तांदळातून नजर न काढता विचारी, "क्रेन होती का तवा?" भाऊजी म्हणत, "लहान होती."

पेटीचा जबाबदार माणूस म्हणून माझं लक्ष पुस्तकांच्या तब्येतीकडे जास्त. भाऊजींकडून परत आलेल्या पुस्तकांच्या पानांना हळदीच्या बोटांचे डाग असत. मी एकदा त्यांना चांगलंच सुनावलं, "भाऊजी, पुस्तक हाय का पोळपाट हाय?" ते ओशाळून म्हणाले, "जेवता जेवता वाचतो ना साळेबुवा. चुकलं." मला ते पटलं, कारण त्यांच्याबद्दल काहीही वाईट मला लगेच पटत असे.

दिवाळीआधीचा रविवार होता. सुट्टी मंजूर झाली होती, ताईला घेऊन निघायचं मी पुन्हा एकदा बोलून ठेवलं होतं, आणि ती त्यावर हो म्हणाली नव्हती की नाही म्हणाली नव्हती. बैठकीत भाऊजी एका कादंबरीवर मत द्यायला उभे राहिले. आई, बाप आणि त्यांचं एकुलतं पोर यांची ती गोष्ट होती. भाऊजी म्हणाले, "पोरगा लय गोड लिवला हाय. तापातून उठते तवा मायच्या पदराले धरून उभा राहते, ते पान तं एक नंबर."

मास्तर म्हणाले, "उठतो? अहो, तो त्या तापात मरतो. तिथूनच तर खरी कादंबरी सुरू होते."

"नाई मरत," भाऊजी म्हणाले.

"मी दोनदा वाचली आहे!"

"वाचली असन. माझ्या प्रतीत नाई मरत."

लोक इतके हसले की कुणाच्या तरी हातातला चहा सांडला. पेटीत त्या कादंबरीची प्रत एकच होती, आणि मास्तरांनी वाचलेली तीच होती. मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "बाबू, तुम्हीच करा निवाडा. वाचा पान." भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. नको असं ते म्हणाले नाहीत, फक्त पाहिलं. आणि मी, हजेरीतली चूक सापडल्याच्या आनंदात, भाऊजींच्या हातातून पुस्तक घेतलं, पान शोधलं आणि खणखणीत आवाजात वाचलं. पोराचा श्वास कसा मंदावला, आईनं त्याच्या मुठीतून आपलं बोट कसं सोडवून घेतलं, सगळं. पानाच्या कोपऱ्यावर हळदीचा पिवळा डाग होता, तोही मला दिसला. अर्ध्यात आल्यावर माझ्या लक्षात आलं की कुणी हसत नाहीये, आणि पडद्यामागे एकही बांगडी वाजत नाहीये. तरी मी परिच्छेद पूर्ण केला.

भाऊजींनी हात पुढे करून पुस्तक माझ्याकडून घेतलं आणि मिटलं. "अंधार पडून राहिला," ते हलकेच म्हणाले, "साळेबुवाले बराबर दिसलं नसन." मग पडद्याकडे पाहून म्हणाले, "चला, घरी चला."

घरी जाताना ती दोघं पुढे शेजारी शेजारी चालत होती आणि मी पेटीची किल्ली घेऊन मागून. ताई पुन्हा पूर्वीसारखी मुकी होणार, आणि आता तर ती माझ्याबरोबर येणारच, असं मला वाटलं. इतकी वर्षं मी जे सांगत आलो ते इथपर्यंतच. भाऊजींची कशी फजिती झाली, लोक कसे हसले, आणि ज्या घरात बायको सुकत होती तिथे नवरा कसा कादंबऱ्या वाचत बसे. पुढचं मी कधी सांगितलं नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि माझं त्यात काही चांगलं दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई शेगडीपाशी तांदूळ घेऊन बसली. भाऊजी कामावरून आले, हातपाय धुतले आणि पाटावर न बसता दारातच उभे राहिले. मग ताईच म्हणाली, मान खालीच ठेवून, "बसा ना. मंग? काय झालं पुढं त्या पोराचं?"

भाऊजी बसले. "तसा तो बेसुद्ध होता," ते म्हणाले. "लिवनाऱ्यानं घाई केली. नाडी पाह्यलीच नाई."

"मंग?"

"मंग वैद्य आला ना. सायकलवर."

"उशीर केला त्यानं," ताई म्हणाली. तिची बोटं तांदळातून फिरत राहिली. "टायर पंचर झालं असन."

"हो ना. पंचरच," भाऊजी म्हणाले. "पन आला."

त्या दिवाळीला मी एकटाच गावी गेलो. ताई का आली नाही असं आईनं विचारलं, तर मी म्हटलं, भाऊजींनी पाठवली नाही. हे धादांत खोटं होतं. ताईनं मला स्वतः सांगितलं होतं, "मी इथंच राह्यतो बापू. यांचं पुस्तक अर्धं हाय."

पुढे त्यांना मुलगी झाली, ती आता दुर्गजवळ बोरसीला असते. त्या वेड्या पुस्तकांच्या हुकमानं भाऊजींनी तिचीही लंगोटी त्याच नळावर धुतली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते गेले. त्यानंतर एकदा मी ताईकडे सहज बसलो होतो, तेव्हा मनात राहिलेलं बोलून टाकलं. म्हटलं, त्या रविवारी मी ते पान वाचायला नको होतं. तुला ते तेव्हाच कळलं ना, की पोर मरतं म्हणून?

ताई हसली. "मले तं आधीच माईत होतं. मी चौथी शिकली नाई का? तुमी दोघं ड्युटीवर गेले का मी दुपारी सारं पुस्तक वाचून घेवो. पोरगा मरते हे माईत राहे. अन् संध्याकाळी पाहाले बसो, का आज हे त्याले कसे वाचवते मनून."

"आन् भाऊजीले हे माईत होतं?"

"हळदीचे बोटं कोनाचे होते?" ती म्हणाली. "ते काय जेवता जेवता वाचत होते? तू रागावला तं यांनी आपल्या आंगावर घेतलं. मले एका शब्दानं नाई बोलले."

ताईच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षी तिची नजर अधू झाली. मी भिलाईच्या सिव्हिक सेंटरच्या बाजारातून एक नवी, बरीच नावाजलेली कादंबरी तिच्यासाठी घेऊन गेलो होतो. ती म्हणाली, वाचता येत नाही, तूच सांग. मी सांगितली. मला कादंबरी सांगता येते असं मला वाटत होतं. प्रसंग क्रमानं घेतले, एकही पात्र गाळलं नाही, जो मरतो त्याला मरू दिलं आणि शेवट होता तसाच ठेवला. ताईनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग पुस्तक मांडीवर घेतलं, बोटाच्या पेरानं पुठ्ठ्यावर दोन टोले दिले, आणि मान तिरपी करून थोडा वेळ ऐकत राहिली.

"बराबर सांगतलं तू," ती म्हणाली. "पन वाजत नाई, बापू."